सापेक्ष लांबी-एकके, वेबपृष्ठांतील

वेबपृष्ठावरील अक्षरांचा आकार, ओळींमधील अंतर, समास, स्तंभांची रुंदी इ. मापे सेंटिमीटर वा इंच यांसारख्या ठराविक लांबीत न देता दुसऱ्या एखाद्या मापाच्या पटीत देण्यासाठी वापरली जाणारी एकके. पृष्ठाचे दृश्य रूप ठरविणाऱ्या शैलीपत्रकांच्या भाषेत, म्हणजे सीएसएसमध्ये, ती वापरली जातात. ‘एम’ हे एकक चालू अक्षरांच्या आकाराइतके, ‘एक्स’ हे रोमन लिपीतील लहान x या अक्षराच्या उंचीइतके, ‘रेम’ हे संपूर्ण पृष्ठाच्या मूळ अक्षराकाराइतके, तर ‘व्हीडब्ल्यू’ व ‘व्हीएच’ ही ब्राउझरच्या दृश्य चौकटीच्या अनुक्रमे रुंदीच्या व उंचीच्या शंभराव्या भागाइतकी असतात. टक्केवारी हे तांत्रिक अर्थाने एकक नसले, तरी तिचे कार्य याच प्रकारचे असते.

अशा एककाला स्वतःची लांबी नसते. ज्या मापाशी ते जोडलेले असते, त्या आधारमापावर त्याची लांबी अवलंबून राहते. त्यामुळे एकच शैलीपत्रक वाचणाऱ्या दोन ब्राउझरांनी आधारमाप निरनिराळे धरले, तर एकच पृष्ठ दोन ठिकाणी निरनिराळे दिसते. १९९६ पासून सु. पाव शतक ब्राउझरांमध्ये या बाबतीत मतभिन्नता राहिली. वरवर ती सांध्यातील फटीची किंवा ओळीच्या मोडणीची क्षुल्लक बाब वाटते. वस्तुतः पृष्ठावरील अक्षरांचा आकार लेखकाने ठरवावयाचा, वाचकाने की ब्राउझरच्या निर्मात्याने, हा वाद तिच्या मुळाशी होता आणि त्याची सर्वांत जास्त झळ मंद दृष्टीच्या वाचकांना पोहोचली.

मुद्रणातील पूर्वपीठिका : एम हे एकक मुद्रणकलेतून आलेले आहे. खिळ्यांच्या छपाईत एम म्हणजे खिळ्याच्या देहाच्या उंचीइतकी लांबी. १२ पॉइंटच्या खिळ्याचा एम १२ पॉइंटांचा असतो. मराठी छापखान्यांतही ओळीची रुंदी एममध्ये सांगण्याची पद्धत होती. छापखान्यात मात्र आधारमापाविषयी शंका घेण्याचे कारण नसे. जुळाऱ्याच्या हातात खिळा प्रत्यक्ष असे, कागदाचा आकार ठरलेला असे आणि छापून झालेल्या पानाचे माप वाचकाला बदलता येत नसे.

वेबची गोष्ट याच्या उलट होती. प्रारंभीच्या ब्राउझरांत मजकूर कोणत्या फाँटमध्ये व किती मोठ्या अक्षरांत दिसावा, हे वाचक आपल्या पसंतीप्रमाणे ठरवीत असे. लेखक केवळ शीर्षक, परिच्छेद, सूची असे मजकुराचे घटक दाखवून देई. १९९३ नंतर वेबचा प्रसार होऊ लागला, तसे पृष्ठाच्या रूपावर आपलाही ताबा असावा, असे लेखकांना व प्रकाशकांना वाटू लागले. या दोन अपेक्षांची सांगड घालण्याच्या प्रयत्नातून सीएसएसचा जन्म झाला.

सीएसएसचा उगम : स्वित्झर्लंडमधील सेर्न या संशोधनसंस्थेत काम करणारे नॉर्वेजियन तंत्रज्ञ होकोन व्यूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी शैलीपत्रकांविषयीचा आपला पहिला प्रस्ताव प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक मापापुढे एक टक्केवारी लिहिण्याची सोय होती. त्या मापाच्या बाबतीत लेखकाला आपला किती प्रभाव राहावा असे वाटते, ते या टक्केवारीने सांगावयाचे आणि उरलेला भाग वाचकाच्या पसंतीसाठी सोडावयाचा, अशी ही कल्पना होती. उदा., शीर्षकाचा आकार २० पॉइंट व प्रभाव ४० टक्के, असे लेखक लिहू शकत असे. ही टक्केवारीची योजना पुढे मागे पडली; पण लेखक व वाचक या दोघांचीही शैलीपत्रके विचारात घ्यावयाची, हे तत्त्व कायम राहिले. सापेक्ष एकके हे त्या तत्त्वाचे व्यवहारातील साधन होते. लेखकाने ‘शीर्षक मजकुराच्या दीडपट’ एवढेच सांगितले, की मजकुराचा आकार वाचकाच्या हाती राहतो आणि रचनेचे प्रमाणही बिघडत नाही.

ली यांना बर्ट बॉस या डच तज्ञाचे साहाय्य लाभले. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली पातळी शिफारस म्हणून जाहीर केली. तीत एम, एक्स आणि पिक्सेल ही तीन सापेक्ष एकके होती. पिक्सेलची गणना सापेक्ष एककांत होण्याचे कारण असे की, पडद्यावरील ठिपक्याचा आकार उपकरणागणिक बदलतो. म्हणून ‘संदर्भ पिक्सेल’ ही कल्पना मांडण्यात आली. दर इंचात ९० ठिपके असलेला पडदा २८ इंच, म्हणजे हातभर, अंतरावरून पाहिला असता एक ठिपका डोळ्याशी जो कोन करतो, तो सु. ०·०२२७ अंशांचा कोन म्हणजे संदर्भ पिक्सेल होय. ही व्याख्या शास्त्रशुद्ध होती. परंतु ब्राउझरांनी ती बाजूला ठेवून पडद्यावरील एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल, असाच हिशोब केला.

पहिल्या ब्राउझरांतील विसंगती : मायक्रोसॉफ्ट कंपनीचा इंटरनेट एक्सप्लोरर ३ हा ब्राउझर ऑगस्ट १९९६ मध्ये, म्हणजे शिफारस पक्की होण्याच्या आधीच, बाहेर पडला. शैलीपत्रके समजणारा तो पहिला व्यापारी ब्राउझर होता. त्यात एम हे एकक पिक्सेल म्हणून वाचले जाई. त्यामुळे दोन एमचा समास दोन ठिपक्यांचा होई आणि एमच्या मापात दिलेली अक्षरे वाचता न येण्याइतकी बारीक होत. अक्षराकाराची टक्केवारी बाह्य घटकाच्या आकारावरून काढावी, असा नियम असताना हा ब्राउझर ती आपल्या ठरीव आकारावरून काढी. १९९७ मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर ४ मध्ये शैलीपत्रके जावास्क्रिप्टच्या आधाराने राबविली जात. जावास्क्रिप्ट बंद केली, की शैलीही नाहीशी होई. मुख्य मजकुराला दिलेला अक्षराकार त्यात कोष्टकांपर्यंत पोहोचत नसे. परिणामी कोष्टकातील एमचा आधार वेगळा आणि बाहेरील एमचा वेगळा, अशी स्थिती होई.

नियमांतही काही जागा मोकळ्या राहिल्या होत्या. अक्षराकारासाठी ‘लहान’, ‘मध्यम’, ‘मोठा’ अशा अर्थाचे सात शब्द सीएसएसमध्ये होते. पहिल्या पातळीत लगतच्या दोन आकारांत दीडपटीचे अंतर सुचविले होते. ते पडद्यावर फार पडते, असे अनुभवास आल्याने १९९८ च्या दुसऱ्या पातळीत ते १·२ पट करण्यात आले. जुन्या एचटीएमएलमध्येही १ ते ७ असे सात आकार होते व त्यांतील तिसरा हा सामान्य आकार होता. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या व पाचव्या आवृत्त्यांनी सीएसएसमधील सात शब्द या सात आकारांशी एकास एक जुळविले. त्यामुळे तिसरा शब्द ‘लहान’ हा सामान्य आकार ठरला आणि ‘मध्यम’ त्याहून एक पायरी मोठा झाला. इतर ब्राउझरांत ‘मध्यम’ हाच सामान्य आकार होता.

एक्स एककाच्या बाबतीत, फाँटमधील x ची उंची काढता येत नसेल, तर ती अर्धा एम धरावी, अशी मुभा नियमात होती. अनेक ब्राउझरांनी अपवादासाठी दिलेली ही मुभा सरसकट वापरली व फाँटकडे न पाहता निम्मा एम धरला. एक्स एकक वेगळे ठेवण्याचे प्रयोजनच त्यामुळे उरले नाही.

या गोंधळाची मोजदाद करण्याचे काम काही अभ्यासकांनी हाती घेतले. एरिक मायर यांनी कोणता ब्राउझर कोणता नियम कितपत पाळतो, याचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध केले. टॉड फाहरनर यांनी १९९८ मध्ये एक चाचणी-पृष्ठ तयार केले. ते पुढे ॲसिड १ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातील अक्षरांचा मूळ आकार १० पिक्सेल असून बहुतेक मापे एममध्ये होती. एका चौकटीची रुंदी मुद्दाम ४७ एमच्या १०·६३८ टक्के दिलेली होती. हा हिशोब बरोबर केला, तर रुंदी जवळजवळ तंतोतंत ५ एम, म्हणजे ५० पिक्सेल येते. हिशोबात कोठेही चूक झाली, की चौकटी एकमेकींखाली घसरत व चूक नजरेस पडे.

पिक्सेलचा आश्रय आणि त्याचे परिणाम : एम भरवशाचा नाही, असे दिसून आल्यावर लेखकांनी अक्षरांचे आकार पॉइंटांत देऊन पाहिले. तेथेही अडचण होती. मॅकिंटॉश संगणकावर एका इंचात ७२ ठिपके धरले जात, तर विंडोजमध्ये ९६. त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर मॅकिंटॉशवर १२ ठिपक्यांचे, तर विंडोजवर १६ ठिपक्यांचे होई. विंडोजवर नीट वाचता येणारे पृष्ठ मॅकिंटॉशवर बारीक दिसे. मग उरला तो पिक्सेल. सर्व ब्राउझर पिक्सेलचा अर्थ एकच करीत असल्याने २००० च्या सुमारास व्यावसायिक संकल्पकांनी त्याचाच आश्रय घेतला.

याची किंमत वाचकाला मोजावी लागली. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मजकूर लहानमोठा करण्याच्या पाच पायऱ्या होत्या. पण पिक्सेलमध्ये दिलेल्या अक्षरांवर त्यांचा काहीच परिणाम होत नसे. हा त्या काळी सर्वाधिक प्रचारात असलेला ब्राउझर होता. मंद दृष्टीच्या वाचकाने अक्षरे मोठी करण्याची आज्ञा दिली, तरी असंख्य पृष्ठांवरील अक्षरे होती तेवढीच राहत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मे १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांत निरपेक्ष एककांऐवजी सापेक्ष एकके वापरण्याची सूचना होती. तथापि, ज्या एककांची शिफारस केली जात होती, तीच ब्राउझरांमध्ये विश्वासार्ह नव्हती. त्यामुळे लेखकाला सुगम्यता व रचनेची निश्चिती यांपैकी एकीची निवड करावी लागे.

सुधारणेची दिशा २००० मध्ये मॅकिंटॉशसाठी निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने दाखविली. टँटेक चेलिक यांच्या नेतृत्वाखाली त्याचे वेबपृष्ठ उमटविणारे इंजिन तयार झाले होते. त्यात दर इंचास ९६ ठिपके व १६ पिक्सेलचे सामान्य अक्षर ही मूल्ये स्वीकारण्यात आली, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या संगणकांवरील आधारमाप एक झाले. पिक्सेलमधील अक्षरेही त्यात मोठी करता येत. पृष्ठाच्या आरंभीच्या घोषणेवरून पृष्ठ जुन्या सवयींप्रमाणे दाखवावयाचे की नियमांप्रमाणे, हे ठरविण्याची युक्तीही त्यात होती. पुढे इतर ब्राउझरांनी ती उचलली. जुनी पृष्ठे न मोडता नवे नियम पाळणे तिच्यामुळे शक्य झाले.

सामान्य अक्षर १६ पिक्सेलचे, हा संकेत सर्वत्र रुळल्यावर रिचर्ड रटर यांनी २००४ मध्ये एक सोपी रीत प्रसृत केली. मुख्य मजकुराचा आकार ६२·५ टक्के ठेवला, तर १६ चे १० पिक्सेल होतात. मग १·२ एम म्हणजे १२ पिक्सेल, १·४ एम म्हणजे १४ पिक्सेल असा हिशोब तोंडी करता येतो आणि वाचकाने सामान्य आकार वाढविला, तर सर्व अक्षरे त्याच प्रमाणात वाढतात. मूळ आकार एमऐवजी टक्केवारीत देण्यामागेही एक कारण होते. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तो एममध्ये दिला असता आकार बदलण्याच्या पायऱ्या अवास्तव मोठ्या होत. टक्केवारीत दिला असता हा दोष टळे. चिनी, जपानी, कोरियन इ. भाषांच्या वाचकांसाठी क्रोम ब्राउझरमध्ये अक्षराचा किमान आकार १२ पिक्सेल ठरविलेला होता. तेथे ६२·५ टक्क्यांचे १० न होता १२ पिक्सेल होत व संपूर्ण पृष्ठ एकपंचमांशाने फुगे. ही मर्यादा २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

पूर्णांकाचा प्रश्न : आधारमाप एकच असले, तरी उत्तर अपूर्णांकात आल्यास काय करावे, याबाबत नियमात स्पष्टता नव्हती. ५० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत प्रत्येकी २५ टक्क्यांचे चार स्तंभ ठेवले, तर एकेक स्तंभ १२·५ पिक्सेलचा होतो. अर्धा ठिपका पडद्यावर दाखविता येत नाही. २००८ च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोरर प्रत्येक स्तंभ १३ चा करी. बेरीज ५२ झाल्याने शेवटचा स्तंभ खाली कोसळे. ऑपेरा व सफारी प्रत्येकी १२ धरीत, त्यामुळे कडेला दोन ठिपक्यांची फट राही. फायरफॉक्स काही स्तंभ १३ चे व काही १२ चे करून एकूण ५० चा मेळ घाली. पुढे अंतर्गत हिशोब पिक्सेलच्या लहान अंशांत ठेवण्याची पद्धत आली. फायरफॉक्सने त्यासाठी पिक्सेलचा साठावा भाग निवडला, तर वेबकिट इंजिनाने चौसष्टावा. साठाला तीन व पाच यांनी निःशेष भाग जातो, तर चौसष्ट ही दोनाचीच घातसंख्या असल्याने संगणकाला सोयीची असते. दोन्ही निवडी सयुक्तिक असल्या, तरी त्यांमुळे सूक्ष्म फरक शिल्लक राहिले.

पिक्सेलची नवी व्याख्या : जून २०११ मध्ये सीएसएस २·१ ही आवृत्ती शिफारस म्हणून पक्की झाली, तेव्हा पिक्सेल सापेक्ष एककांतून निरपेक्ष एककांत गेला. एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल, हे प्रमाण कायमचे ठरविण्यात आले. मात्र पडद्यावर हा हिशोब खऱ्या इंचावरून न करता संदर्भ पिक्सेलवरून करण्याची मुभा असल्याने सीएसएसमधील इंच पट्टीवरील इंचाइतका असेलच असे नाही. असंख्य पृष्ठे ९६ हे प्रमाण गृहीत धरून लिहिली गेली होती आणि ती मोडणे कोणालाही परवडणारे नव्हते, म्हणून नियमाने रूढीपुढे माघार घेतली. याच सुमारास दाट ठिपक्यांचे पडदे आले. २०१० च्या आयफोन ४ मध्ये ६४० × ९६० ठिपके होते. तथापि वेबपृष्ठाच्या लेखी रुंदी पूर्वीप्रमाणेच ३२० पिक्सेल राहिली. प्रत्यक्ष ठिपका आणि सीएसएसचा पिक्सेल यांची अशी फारकत झाल्यावर १९९६ मधील संदर्भ पिक्सेलची कल्पना किती दूरदर्शी होती, हे दिसून आले.

पिक्सेलमधील अक्षरे मोठी न होण्याची अडचण याच दशकात वेगळ्या वाटेने सुटली. संपूर्ण पृष्ठ चित्रासह मोठे करण्याची सोय ऑपेरामध्ये पूर्वीपासून होती. इंटरनेट एक्सप्लोरर ७ (२००६) आणि फायरफॉक्स ३ (२००८) यांनीही ती आणली. परंतु ब्राउझरच्या मांडणीत वाचकाने निवडलेला सामान्य अक्षराकार पिक्सेलमध्ये लिहिलेले पृष्ठ आजही जुमानीत नाही.

रेम : एमचा एक अंगभूत दोष असा की, घटकात घटक आला, की गुणाकार साचत जातो. सूचीतील अक्षरे ०·८ एम ठरविली आणि सूचीत उपसूची व तीत आणखी एक उपसूची आली, तर १६ पिक्सेलचे अनुक्रमे १२·८, १०·२४ व सु. ८·१९ पिक्सेल होतात. ही ब्राउझरची चूक नसून नियमाचे यथार्थ पालन होय. त्यावर उपाय म्हणून केवळ मूळ घटकाच्या अक्षराकाराशी बांधलेले रेम हे एकक योजण्यात आले. फायरफॉक्स ३·६ व सफारी ५ यांनी २०१० मध्ये आणि इंटरनेट एक्सप्लोरर ९ ने २०११ मध्ये ते स्वीकारले. इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या व दहाव्या आवृत्त्यांत फाँटचे सर्व गुणधर्म एकत्र सांगणाऱ्या संक्षिप्त विधानात रेम आला, तर ते सबंध विधान दुर्लक्षिले जाई. तरी एकंदरीत रेमचा स्वीकार पूर्वीच्या एककांपेक्षा लवकर व कमी वादाने झाला. त्याचे आधारमाप पृष्ठात एकच असल्याने मतभेदाला वाव थोडा होता.

एममधील एक विचित्र फरक मात्र रूढीने टिकून राहिला आहे. संगणकाच्या आज्ञावली छापण्यासाठी वापरतात, त्या समरुंद अक्षरांच्या फाँटचा सामान्य आकार ब्राउझर १६ ऐवजी १३ पिक्सेल धरतात. त्यामुळे अशा मजकुरातील एम आसपासच्या मजकुरातील एमपेक्षा लहान होतो आणि लेखकाने तसे कोठेही सांगितलेले नसते.

दृश्य चौकटीची एकके : मोबाइल फोनच्या प्रसारानंतर पडद्याच्या आकाराशी जोडलेल्या एककांची निकड भासू लागली. व्हीडब्ल्यू, व्हीएच आणि या दोहोंतील लहान व मोठे माप निवडणारी ‘व्हीमिन’ व ‘व्हीमॅक्स’ अशी चार एकके २०११ ते २०१३ या काळात प्रमुख ब्राउझरांत आली. प्रारंभी येथेही नावापासून मतभेद होते : इंटरनेट एक्सप्लोरर ९ ने मसुद्यातील जुने ‘व्हीएम’ हे नाव घेतले होते व दहाव्या आवृत्तीतही व्हीमॅक्स नव्हते. आयफोनवरील सफारीच्या २०१३ मधील आवृत्तीत फोन आडवा केला असता उंचीची व रुंदीची एकके परस्परांच्या जागी मोजली जात.

सर्वांत चिवट ठरला तो पत्तापट्टीचा प्रश्न. मोबाइलवर मजकूर वर सरकविला, की ब्राउझरची पत्तापट्टी आक्रसते व दृश्य चौकटीची उंची वाढते. मग १०० व्हीएच म्हणजे पट्टी असतानाची उंची की नसतानाची? चौकटीसोबत हे मूल्य बदलत ठेवले, तर वाचता वाचता मजकूर हालतो व ओळ हातची सुटते. सफारीने मोठी उंची कायमची धरली. ॲपलच्या तंत्रज्ञांनी २०१५ मध्ये स्पष्ट केले की, ही चूक नसून विचारपूर्वक केलेली निवड आहे. क्रोमने २०१७ च्या आरंभी ५६ व्या आवृत्तीत तीच रीत स्वीकारली. ब्राउझरांत एकवाक्यता झाली. पण पडद्याच्या तळाशी ठेवलेले बटण पृष्ठ उघडताच पट्टीमुळे दृष्टीआड राहू लागले.

अखेर एका एककाऐवजी तीन करून हा तिढा सोडविण्यात आला. ‘एलव्हीएच’ पट्टी आक्रसलेली असतानाची मोठी उंची, ‘एसव्हीएच’ पट्टी पूर्ण असतानाची लहान उंची आणि ‘डीव्हीएच’ त्या क्षणाची प्रत्यक्ष उंची दर्शविते. ही एकके सफारी १५·४ मध्ये मार्च २०२२ मध्ये, फायरफॉक्स १०१ मध्ये त्याच वर्षी मेमध्ये व क्रोम १०८ मध्ये वर्षअखेरीस आली. पहिल्यापासून तिसऱ्या ब्राउझरापर्यंत नऊ महिन्यांहून कमी काळ लागला. दृश्य चौकटीची एकके हा ‘इंटरऑप २०२२’ या उपक्रमातील एक विषय होता. त्यात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इगालिया व बोकुप या संस्थांनी समान चाचण्या ठरवून आपापल्या इंजिनांतील फरक मिटविण्याचे मान्य केले होते.

देवनागरी मजकूर : या एककांपैकी काही रोमन लिपीच्या घडणीवर बेतलेली आहेत. देवनागरी अक्षरे शिरोरेषेपासून खाली लोंबतात. त्यांना x ची उंची नसते. त्यामुळे मराठी पृष्ठावर एक्स एककाला मजकुराशी संबंध असलेला आधार सापडत नाही. हे एकक आणि शून्य या अंकाच्या रुंदीइतके असणारे ‘सीएच’ ही दोन्ही मोजण्यासाठी लेखकाने दिलेल्या फाँटांपैकी पहिला उपलब्ध फाँट वापरतात आणि तो कोणता, हे त्यात रिकाम्या जागेचे चिन्ह आहे की नाही, यावरून ठरते. यादीत प्रथम रोमन फाँट असेल व देवनागरी अक्षरे त्यात नसल्याने पुढच्या फाँटमधून येत असतील, तर मजकूर एका फाँटचा आणि माप दुसऱ्या फाँटचे, असे घडते. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सीएच मोजताना शून्याभोवतीची मोकळी जागा वगळली जात असल्याने त्यात आणखी एका फरकाची भर पडे.

एमच्या बाबतीतही लिपीभेद जाणवतो. वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार व जोडाक्षरे यांसाठी जागा राखावी लागत असल्याने त्याच एममध्ये बसविलेले देवनागरी अक्षर रोमन अक्षरापेक्षा सामान्यतः लहान दिसते. ओळीची उंची लेखकाने सांगितली नसेल, तर ती फाँटच्या निर्मात्याने नोंदविलेल्या मापांवरून ठरते व फाँट बदलताच बदलते. म्हणून मराठी पृष्ठांवर ओळीची उंची अक्षराकाराच्या पटीत, एकक न लावता, स्पष्टपणे देणे इष्ट ठरते.

सद्यःस्थिती : ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडले, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज ब्राउझर क्रोमच्या इंजिनावर आणला आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररला निरोप देण्यात आला. आता ब्लिंक, वेबकिट व गेको ही तीनच प्रमुख इंजिने उरली आहेत. मतभेद कमी होण्याचे हे एक कारण आहे. दुसरे व अधिक टिकाऊ कारण असे की, नियम लिहितानाच प्रत्येक एककाचे आधारमाप नेमके सांगण्याची आणि त्याची चाचणी सोबत तयार करण्याची पद्धत रूढ झाली आहे. ज्या चौकटीत घटक ठेवलेला असतो, तिच्या रुंदीशी व उंचीशी जोडलेली एकके ऑगस्ट २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या अर्ध्या वर्षात तिन्ही इंजिनांत आली.

वाचकाच्या पसंतीचा प्रश्न मात्र इंजिनांच्या एकवाक्यतेने आपोआप सुटत नाही. अक्षरांचा आकार केवळ व्हीडब्ल्यू या एककात दिला, तर तो चौकटीवर अवलंबून राहतो आणि वाचकाने निवडलेला अक्षराकार त्यात कोठेच येत नाही. पृष्ठ मोठे करण्याची आज्ञा दिल्यावरही अशी अक्षरे संगणकाच्या पडद्यावर जवळपास तेवढीच राहतात. डिसेंबर २००८ मधील सुगम्यतेच्या दुसऱ्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मजकूर आशय न गमावता दुप्पट मोठा करता आला पाहिजे. या कसोटीस उतरण्यासाठी व्हीडब्ल्यूला रेमची जोड द्यावी लागते. आधारमाप पडद्याचे घ्यावयाचे की वाचकाचे, याची निवड आता ब्राउझरकडून लेखकाकडे आली आहे.